चांग शिजले!

"नावेत पाय ठेवलास की तो शब्द जिभेवर येऊ द्यायचा नाही. ताटातला मासासुद्धा फिरवायचा नाही. वरची बाजू खाऊन झाली की मधला काटा उचलायचा आणि खालची बाजू तशीच खायची. कळलं का, सूनबाई?"

लग्नानंतरच्या पहिल्या जेवणात सासऱ्यांनी हे सांगितलं, तेव्हा माझ्या हातातल्या जेवणाच्या काड्या माशाच्या शेपटीपर्यंत पोचल्या होत्या. तिथेच थिजल्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, पण मासा शिजला की त्यांचा आवाज अजून कानात येतो.

तो शब्द कोणता, हे मी इथेही लिहिणार नाही. वाटी धुतल्यावर पाणी निथळायला आपण तिला जशी ठेवतो, तशी नाव झाली तर काय म्हणाल? हां, तोच. आला ना मनात? आता मनातच ठेवा.

सांगायला अभिमान वाटतो की त्या दिवसापासून आजवर तो शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही. एकदाही नाही! रोज पहाटे आमच्या दर्यादेवीपुढे, माझूआईपुढे, उदबत्ती लावते, जपाची माळ ओढते, सकाळचं जेवण बिनमासळीचं, आणि दिवसभर जिभेला लगाम. त्यातून देवीनं आवाजच असा हळू दिलाय की बाजारात मी कोळंबीचा भाव विचारला की विकणारा आधी कानात बोट घालून बघतो. अशा बाईच्या तोंडून वेडावाकडा शब्द जाईलच कसा?

गेलाही नाही. माझा शब्द अगदी बरोबर होता. सगळा घोटाळा झाला तो त्या बरोबर शब्दानंच!

आमच्या गावच्या ड्रॅगन-नावेला पुढं जे लाकडी तोंड लावतात, ते किमकी मावशींच्या नवऱ्यानं कोरलेलं. बिचाऱ्यानं ड्रॅगन कधी पाहिला नव्हता, म्हणून आरशात बघून कोरलं. त्यामुळे नाक बसकं, एक कान मोठा, आणि चेहऱ्यावर कायम पडसं झाल्याचा भाव. तैवानभर असा दुसरा ड्रॅगन सापडायचा नाही. नवरा गेल्यापासून मावशी दर वर्षी नावांच्या शर्यतीच्या सणाआधी ते तोंड मांडीवर घेऊन पुसतात, आणि पुसता पुसता त्याला वर्षभराच्या बातम्या सांगतात.

यंदा देवळाच्या अंगणात सभा भरली. अध्यक्ष कांग घसा खाकरून म्हणाले, "तरणी मुलं शहरात कारखान्यांत गेली. उरलेल्यांपैकी निम्म्यांची कंबर धरलीय, निम्म्यांना कारणं सुचतायत. शर्यतीला वल्ही मारायला माणसं नाहीत. तेव्हा नाव आणि तोंड खाडीपलीकडच्या गावाला देऊन टाकू. त्यांच्याकडे माणसं आहेत."

किमकी मावशी उभ्या राहिल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण उभी राहिली की खांब रोवल्यासारखी.

"ते तोंड आमच्या माणसाचं आहे, अध्यक्ष. द्यायचंच असेल तर त्याच्याबरोबर मलाही देऊन टाका त्या गावाला!"

"अहो मावशी, पण वल्ही कोण मारणार?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?"

"दर सणाला पहाटेपासून चुलीशी बसून तुम्हाला चांग खाऊ घालतो ना, त्या आम्ही!"

चांग म्हणजे चिकट भात बांबूच्या पानात त्रिकोणी बांधून उकडलेला. सणाच्या दिवशी चांग नसेल तर आमच्याकडे सण झाला असं कुणी मानतच नाही. अध्यक्ष इतके हसले की त्यांची कवळी हलली.

"बरं! हरलात तरी चालेल. पण नाव शेवटच्या निशाणापर्यंत गेली पाहिजे. अर्ध्यात सोडलीत तर तोंड पलीकडच्या गावाला. कबूल?"

"कबूल!"

"आणि मग चांग कोण करणार?"

"तुम्ही!" मावशी म्हणाल्या.

अध्यक्षांची कवळी जागेवर बसली.

झालं! आम्ही बारा बायका नावेला तयार झालो. किमकी मावशी पुढे तोंडापाशी, ढोल वाजवायला आणि शेवटी निशाण खेचायला. मधे वल्ही मारणाऱ्या, त्यांत माशाचे गोळे विकणारी आ-लुआन सर्वांत दणकट. आणि मागे सुकाणूवर मी, कारण सुकाणूवरच्या बाईला फार बोलावं लागत नाही.

पण तालुक्याचा नियम होता: पाण्यातल्या सुरक्षिततेचं शिक्षण घेतल्याशिवाय नाव शर्यतीत नाही. त्यासाठी वेई मॅडम आल्या. तिशीची मुलगी, उन्हानं रापलेली, गळ्यात शिट्टी. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "पोहता कुणाकुणाला येतं?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

"अहो, तुम्ही सगळ्या कोळ्यांच्या घरच्या ना?"

"म्हणून तर!" आ-लुआन म्हणाली. "घरात नाव असताना पोहायचं कशाला?"

मॅडमनी कपाळाला हात लावला नाही, पण हात निघाला होता. तो त्यांनी वाटेत टोपीकडे वळवला.

त्या मुलीनं आम्हाला महिनाभर पिळून काढलं. शाळेच्या तलावात रोज संध्याकाळी पोहणं. लाइफ जॅकेट कसं घालायचं तेही. आ-लुआननं पट्टे सैल ठेवले होते. म्हणे, जीव गुदमरतो. मॅडमनी तिला पाण्यात उतरवून जॅकेटचे खांदे धरले आणि वर ओढलं. जॅकेट हातात आलं, आणि आ-लुआन सोललेल्या केळ्यासारखी खाली राहिली! त्या दिवसापासून ती पट्टे असे आवळते की बोलताना शिट्टी वाजते.

"कुणी बुडताना दिसलं तर काय करायचं?" मॅडम विचारायच्या.

"हाक मारायची! माणसं बोलवायची! काठी पुढे करायची! दोर फेकायचा! नाव न्यायची!" आम्ही शाळकरी मुलींसारख्या ओरडायचो.

"आणि उडी?"

"मारायची नाही!"

"नवरा असला तर?"

"तर मुळीच मारायची नाही!" आ-लुआन म्हणायची.

एवढं सगळं सुरळीत झालं. मग आला तो दिवस. मॅडम म्हणाल्या, "आता शेवटचा धडा. नाव…" आणि त्यांनी चक्क तो शब्द उच्चारला! मोठ्यानं! नावेत बसून!

नऊ बायकांनी अठरा कान झाकले. दोघींनी वल्ही सोडून हात जोडले. किमकी मावशींनी ड्रॅगनचे कान झाकले. एकाला पूर्ण हात पुरला नाही.

"अहो, काय झालं?" मॅडम घाबरल्या.

"तो शब्द काढायचा नाही, पोरी," मावशी कुजबुजल्या. "काढला की होतं."

"पण मावशी, नाव तशी व्हायला लागली तर कुणीतरी ओरडायला नको? हाक ऐकली की सगळ्यांनी वल्ही सोडायची, निम्म्यांनी डावीकडून आणि निम्म्यांनी उजवीकडून पाण्यात उतरायचं, नाव धरून ठेवायची आणि क्रमानं आकडे म्हणायचे, म्हणजे कुणी राहिलं का ते कळतं. हाकच नसेल तर तशी झाली हे कळणार कसं?"

"पाण्यात पडल्यावर कळेलच की!"

"मला हा धडा पूर्ण झाल्याशिवाय परवानगी देता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज नरम होता, पण मान हलत नव्हती.

मावशींनी ड्रॅगनच्या नाकावरून हात फिरवला. शब्द काढावा तर पाप, न काढावा तर तोंड जाणार पलीकडच्या गावाला!

अशा वेळी मला सुचलं. माझूआईनंच सुचवलं असेल, पण तोंड माझं होतं, म्हणून थोडा अभिमान मीही घेते.

"दुसरा शब्द ठेवू या," मी म्हटलं.

"काय म्हणतेय खिमताई?"

"मोठ्यानं गं!"

"दुसरा शब्द ठेवू या!" मी माझ्या मानानं गर्जना केली. "असा शब्द, की जो ऐकल्यावर बाईच्या हातातलं काम आपोआप सुटतं आणि ती उठतेच. असा शब्द, की जो नावेत दुसऱ्या कुठल्याही कारणानं कुणी म्हणणार नाही."

"कुठला?"

"चांग शिजले!"

मग काय टाळ्या! खरंच आहे ना! चांग शिजले म्हटलं की लेकराला पाजणारी बाईसुद्धा उठते, नाहीतर पाणी आटून पानं करपतात. मॅडमनाही पटलं. किमकी मावशींनी माझ्या गालाला हात लावून म्हटलं, "बोलते कमी, पण बोलते तेव्हा मोत्यासारखं!" त्या दिवशी घरी जाताना माझी चप्पल जमिनीला लागत नव्हती.

मग सराव! मॅडम कधीही, कुठेही ओरडायच्या, "चांग शिजले!" की धपाधप बारा बायका पाण्यात, हात नावेवर, आणि "एक! दोन! तीन!" सुरू. आधी आम्हाला विचार करावा लागायचा. नंतर विचार यायच्या आत अंग पाण्यात असायचं. आ-लुआन तर एकदा बसमध्ये कुणीतरी मागच्या बाकावर चांगचा विषय काढला तेव्हा उभी राहून "चार!" म्हणाली.

आता तुम्ही हुशार आहात. तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही! कारण चांगची वर्दी आजवर आम्हीच द्यायचो. ती दुसरं कुणी देऊ शकेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

सणाचा दिवस उजाडला. खाडीच्या दोन्ही काठांना माणसांची भिंत. धक्क्यावर मोठ्या पातेल्यांपाशी गावचे पुरुष, कमरेला आमचे फुलाफुलांचे एप्रन. आमचे हे पातेल्याचे मुख्य! ज्यांना घरात मीठ कुठे ते माहीत नाही, ते आज झाऱ्यानं सगळ्यांना हुकूम देत होते. मला लांबूनच ओरडून म्हणाले, "आ-खिम, बघच आज! बोटं चाटशील!"

नगारा झाला. नावा सुटल्या. पलीकडच्या गावची पोरं सुरुवातीलाच पुढे गेली, पण आम्ही काही फार मागे नव्हतो! किमकी मावशींच्या ढोलावर वल्ही एका तालात पडत होती, ड्रॅगन पडशाचं नाक वर करून पाणी कापत होता, आणि काठावरून लोक आमच्या गावाचं नाव घेत होते. अध्यक्षांचं तोंड उघडं राहिलेलं मी स्वतः पाहिलं. सुकाणू माझ्या हातात असं हलकं झालं होतं की वाटलं, माझूआईनं दुसरं टोक धरलंय.

निशाण समोर दिसायला लागलं. लाल, बांबूवर फडफडणारं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आणि तेवढ्यात धक्क्यावरचा लाउडस्पीकर खरखरला.

"हॅलो, हॅलो! माइक चालू आहे का?… मंडळी! चांग शिजले! चांग शिजले!"

आमच्या ह्यांचा आवाज! जन्मात पहिल्यांदा काहीतरी शिजवलेल्या माणसाचा तो आनंद! निवेदकाच्या हातातून माइक ओढून घेऊन दिलेली वर्दी!

वल्ही सुटली.

"अगं बायांनो, ते जेवणाचं आहे गं…" मी म्हटलं. पण माझा आवाज! माझा मलाच ऐकू आला नाही. धपाधप, धपाधप! तालात! सरावात कधी इतकं सुंदर झालं नव्हतं. एकच चूक झाली. निम्म्यांनी डावीकडून उतरायचं होतं. पण चांगचा आवाज आला उजवीकडून, धक्क्याच्या बाजूनं. आणि अकराच्या अकरा बायका उजवीकडे गेल्या!

मग नावेनं… कसं सांगू? नावेनं कूस बदलली. पूर्ण. वाटी निथळायला ठेवतात तशी. सुकाणूसकट मी पाण्यात.

वर आले तेव्हा जॅकेटनं मला बाटलीच्या बुचासारखं धरलं होतं, आणि सगळ्या बायका नाव धरून शिस्तीत ओरडत होत्या, "नऊ! दहा! अकरा!"

"बारा," मी म्हटलं.

"बारा कुठाय? खिमताई बुडाली का काय!"

"बारा!" मी ओरडले. खरंच ओरडले! पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. माझ्यात एवढा आवाज होता हे माझ्यासकट कुणालाच माहीत नव्हतं.

पण धक्क्यावरून काय दिसत होतं? ड्रॅगन गायब, नावेचं पोट वर, आणि पाण्यात बायकांची डोकी. आमच्या ह्यांनी माइकसकट हंबरडा फोडला, "आ-खिम! अगं माझी आ-खिम!" आणि एप्रनसकट धक्क्यावरून उडी मारली. त्यांच्यामागे आ-लुआनचा नवरा. त्याच्यामागे अध्यक्ष कांग, कारण पुढारी माणसाला मागे राहता येत नाही. आणखी दोघे. पाण्यात पोचल्यावर पाचही जणांना एकदमच आठवलं की आपल्याला पोहता येत नाही.

वेई मॅडमची शिट्टी कर्कश वाजली. त्यांची मोटरबोट लांबून निघाली होती, पण ही मंडळी आमच्या जवळ होती.

"हाक!" किमकी मावशी गरजल्या.

"आकाशाकडे बघा! हातपाय झाडू नका!" आम्ही ओरडलो.

"काठी!"

तरंगणारी वल्ही पुढे झाली. एका हातानं नाव, दुसऱ्या हातानं वल्हं. एकीनंही नाव सोडली नाही, एकीनंही नवऱ्याच्या मिठीत जायचा वेडेपणा केला नाही! आ-लुआननं वल्ह्याचं टोक अध्यक्षांपुढे धरलं आणि उकळत्या पाण्यातून माशाचा गोळा काढावा तसं त्यांना अलगद ओढून नावेला लावलं. आमच्या ह्यांनी माझं वल्हं असं कवटाळलं की लग्नात माझा हातसुद्धा तसा धरला नव्हता.

"तू जिवंत आहेस!" ते फुरफुरत म्हणाले.

"मी आहेच. तुम्ही तोंड मिटा, पाणी जातंय."

मॅडमची बोट आली. त्यांनी पाचही पुरुषांच्या गळ्यात तरंगती कडी टाकली, सगळी डोकी मोजली, आणि म्हणाल्या, "शाबास! आता एकेक जण बोटीत या."

"नाही," किमकी मावशी म्हणाल्या. पाण्याखाली त्यांचा एक हात ड्रॅगनच्या कानाला धरून होता. "नाव सोडायची नाही, असं तूच शिकवलंस ना, पोरी? निशाण ते बघ. अर्ध्यात सोडली तर हा जाईल."

मॅडमनी निशाणाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आमच्या पट्ट्यांकडे पाहिलं. "दमलेलं कोण आहे?" कुणीच हात वर केला नाही. "मी अगदी शेजारून चालवते. एकानं जरी हात वर केला तर सगळे बोटीत. कबूल?"

आणि मग आम्ही पाय मारायला लागलो! नाव पोट वर करून, त्या बाजूनं बायका, ह्या बाजूनं बायका, मधेमधे कडी घातलेले नवरे. भरतीही आमच्याच दिशेची. पलीकडच्या गावची पोरं केव्हाच पोचली होती, पण आपलं निशाण फडकवायचं विसरून आमच्याकडे बघत उभी होती. अख्खा काठ ताल धरून टाळ्या वाजवत होता. शर्यत सुटताना आमच्या नावेला बारा माणसं होती. पोचताना सतरा होती! सांगा, असं कुठल्या गावानं केलंय?

निशाण उंच होतं, पाण्यातून हात पोचेना. आ-लुआननं मावशींच्या जॅकेटचे खांदे धरले आणि त्यांना वर उचललं. पट्टे घट्ट होते. जॅकेटबरोबर मावशीही वर आल्या, आणि त्यांनी निशाण असं खेचलं की बांबूच हातात आला!

काठावर आल्यावर अध्यक्षांनी आधी खाडी ओकून टाकली, मग नियम आठवला.

"पण नाव मध्येच सोडली होती ना…"

"कुणी सोडली?" मावशींनी कमरेवर हात ठेवले. "आम्ही धरूनच होतो. शेवटी तर तुम्हीही धरली होती!"

अध्यक्षांनी आजूबाजूला पाहिलं. सारा गाव त्यांच्या ओल्या एप्रनकडे बघत होता. "तोंड इथेच राहील," ते म्हणाले. मावशींनी नावेवरून ते सोडवलं, मांडीवर घेतलं आणि पदर नव्हता म्हणून बाहीनं पुसायला लागल्या. त्याच्या नाकातून खरंच पाणी गळत होतं.

वेई मॅडम म्हणाल्या, "हाक ऐकताच इतक्या झटकन नाव रिकामी करणारं पथक मी आजवर पाहिलं नाही." मग जरा थांबून, "आणि इतक्या विनाकारणसुद्धा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पायाच्या अंगठ्याकडे.

एवढं झाल्यावर भूक कडाडली. आम्ही ओल्या केसांनी पातेल्याभोवती बसलो. आमच्या ह्यांनी पहिला मान मला दिला. मी दोरा सोडला, पान उघडलं, घास घेतला. कर्र! आतला भात तांदूळच होता अजून.

"अहो, कच्चे आहेत!"

"असं कसं? वरून तर शिजलेले दिसत होते."

"वरून पान दिसतं!"

किती हसलो आम्ही! पाचही पुरुष तो कच्चा भात मुकाट्यानं चावत बसले. मग आमचे हे मावशींच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि लहान मुलासारखे म्हणाले, "मावशी, पुढच्या वर्षी मला नावेत जागा द्याल का? कोपऱ्यात बसेन."

"पोहता येतं?"

"शिकेन."

"कधी?"

"उद्यापासून. शब्द देतो."

"उद्यापासून म्हणे! कंबर दुखेल उद्या," आ-लुआन म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला. अध्यक्ष कांग मात्र हसले नाहीत. ते दुसरीकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी माळ घेऊन बसले होते. जप संपेपर्यंत मी बोलत नाही, हे ह्यांना माहीत आहे. ते चवड्यांवर चालत आले, कपाटातून नातीचं पिवळं फुगवायचं बदक काढलं, सदऱ्याच्या आत दडवलं, आणि पोट सावरत, दाराची कडी न वाजवता बाहेर पडले. माझा जप चुकला. खिडकीतून पाहिलं, तर फाटकापाशी अध्यक्ष कांग उभे. काखेत टॉवेलची गुंडाळी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, दोघांनी हवामान बघितल्यासारखं आकाशाकडे पाहिलं, आणि एक अक्षरही न बोलता दोघे शाळेच्या तलावाच्या वाटेला लागले.